मायचा नवा स्वेटर

आमच्या कॉलनीत माझ्या उजव्या अंगठ्याची ख्याती आहे. कचेरीत अशी ख्याती मला कधी लाभली नाही. तिथं एखादी फाईल माझ्या टेबलावरून शेजारच्या टेबलावर सरकायला किती दिवस घेते, यावर लोक टपरीवर विनोद करतात आणि वर मलाच ऐकवतात. पण मोबाईल वाजू द्या, ग्रुपवर कोणाच्या तरी जुन्या मिक्सरचा फोटो येऊ द्या, मग बघा. फोटो पुरता उघडायच्या आत हाताच्या पंजाचं माझं चित्र तिथं उमटलेलं असतं. मिक्सर चालतो की नाही हे मी नंतर बघतो. बहुधा चालत नसतो.

ग्रुपचं नाव 'तीसुकोंडी'. तेलुगूत त्याचा अर्थ 'घ्या हो'. आदिलाबादच्या आमच्या कॉलनीत तेलुगू, मराठी, उर्दू, सगळी घरं एकमेकांना खेटून आहेत, त्यामुळे नियम सगळ्यांना कळतील असे सोपे ठेवलेले. घरात नको झालेल्या वस्तूचा फोटो टाकायचा. ज्याचा पंजा आधी पडेल त्याची ती वस्तू. दाम घ्यायचा नाही, कारण विचारायचं नाही, आणि दिवस मावळायच्या आत आपली आपण उचलून न्यायची. हेतू फार चांगला होता. ज्याला लागेल त्याला मिळावं. पण 'लागेल' हा शब्द नियमात घालायचा राहून गेला, आणि नियमातली फट शोधणं हे तर आम्हा महसूल खात्यातल्या माणसांचं पोटापाण्याचं काम.

तेव्हा माझ्या घरात मासे नसलेली माशांची काचपेटी आली. बायको तिच्यात वाळलेल्या मिरच्या ठेवते. लहान मुलांचा पांगुळगाडा आला, जरी आमचा मुलगा हैदराबादेत नोकरीला लागून दाढी राखून बसलाय. मोटर नसलेला कूलर आला. आणि घरातल्या घरात चालायची ती मशीन आली, तिच्यावर आमचे ओले टॉवेल वाळतात.

बायको एकदा दारात उभी राहून म्हणाली, "हे घर हाय का जप्तीचं गोदाम?"

मी म्हटलं, "फुकट हाय."

"तुमीबी फुकटच भेटले होते," ती म्हणाली आणि आत गेली.

गेल्या वर्षी माय आमच्याकडे राहायला आली. माय म्हणजे माझी आई. जन्म बाजारहत्नूरच्या बाजूच्या एका खेड्यात गेला, कापूस वेचण्यात आणि ज्वारी सोंगण्यात. गुडघे गेले तेव्हा मी तिला जबरदस्तीनं शहरात आणलं. आल्या आल्या तिची नजर त्या मशीनवर पडली.

"हे काय व्हय?"

"चालायची मशीन हाय, माय."

"मंग रस्ता काय करते?"

तिनं काचपेटी पाहिली, पांगुळगाडा पाहिला, कूलर पाहिला, आणि सुस्कारा सोडून सुनेला म्हणाली, "पोरगा कमावते, पन हातात पैसा ठरत नाई त्याच्या. लयच खर्चिक निंगाला."

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी खर्चिक म्हटलं होतं. बायको तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. मी मात्र मान खाली घालून तो आरोप कबूल केला. खरं सांगायची माझी छाती नव्हती, आणि ती का नव्हती ते इथं सांगून टाकतो.

माय दुसऱ्याचं उतरलेलं घेत नाही. विशेषतः कपडा. आमच्या लोकांत मागच्या पिढीपर्यंत कपडा म्हणजे उतरलेलाच. गावात एका मोठ्या घरी कापूस वेचायला माय आणि तिची धाकटी जाऊ, म्हणजे माझी काकी, दोघी जायच्या. हंगाम संपला की त्या घरची मालकीण ओट्यावरून जुनी लुगडी खाली टाकायची. हातात द्यायची नाही, टाकायची. त्यांच्या सासूनं ती जन्मभर झेलली होती. मग आमच्या वस्तीची बैठक बसली, आता यापुढं उतरलेलं अंगावर घालायचं नाही असं ठरलं, आणि पुढच्या हंगामाला माय आणि काकी या दोघींनी पडलेली लुगडी उचलली, नीट घडी केली आणि पायरीवर ठेवून दिली. त्यानंतर त्या घरी त्यांना वेचणीला कोणी बोलावलं नाही. दोघी दूरच्या शिवारात जाऊ लागल्या.

मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या गुरुजींना माझी दया आली आणि त्यांनी आपल्या मुलाची खाकी चड्डी मला दिली. तिच्या खिशाला चेन होती. चेन उघडायची, लावायची, उघडायची, लावायची. तेवढं सुख मला पुढं लग्नातही झालं नाही. मायनं ती चड्डी माझ्या अंगावरून काढली, धुतली, वाळवली, आणि माझं बखोट धरून गुरुजींच्या दारात नेली. म्हणाली, "गुर्जी, पोराले शिकवा. कपड्याचं आमी पाहू." मी ठिगळाच्या चड्डीत शाळा शिकलो आणि मनातल्या मनात ती चेन उघडत-लावत राहिलो. कॉलनीतल्या ग्रुपवर माझा अंगठा असा का धावतो, याचं मूळ त्या चड्डीत असावं असं मी बायकोला पटवून द्यायचा प्रयत्न केला. तिला पटलं नाही.

आता स्वेटर.

आदिलाबादची थंडी ज्याला माहीत नाही त्याला तेलंगणा म्हटलं की फक्त ऊन आठवतं. आमच्याकडे सकाळी बोटं वळत नाहीत, लोक रस्त्यावर कचरा पेटवून त्याच्याभोवती मंत्रिमंडळासारखे गंभीर होऊन बसतात. माय पदर दुहेरी गुंडाळून ओट्यावर कुडकुडायची. तिला एक चांगला स्वेटर घ्यायचा हे मी ठरवलं होतं. बस स्टँडजवळच्या मैदानात दर थंडीला नेपाळी लोक स्वेटरचे स्टॉल लावतात, तिथं मी कचेरीतून येताना जाऊन आलो होतो. हातानं चाचपून आलो होतो. पगार झालेला होता. दुसऱ्या दिवशी घेणारच होतो.

आणि त्याच संध्याकाळी ग्रुपवर फोटो पडला. जांभळा, लांब बाह्यांचा, पुढं लाकडी गुंड्या, आणि सगळ्या अंगभर ज्वारीच्या कणसासारखी वीण. मागच्या गल्लीतल्या टीचरम्मांनी टाकलेला. या बाई सरकारी शाळेत तेलुगू शिकवतात, मधल्या सुट्टीत विणत बसतात, सारी कॉलनी त्यांना टीचरम्माच म्हणते. माझा अंगठा माझ्या आधी धावला. वर मी लिहिलंही, 'अम्मासाठी'. टीचरम्मांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

पिशवी घेऊन घरी आलो. मायनं स्वेटर पाहिला, हात फिरवला, गालाला लावला.

"नवा हाय?"

इथं एक क्षण होता. त्या क्षणात 'नाही' हा शब्द सहज मावला असता.

"नवा हाय," मी म्हटलं. "बस स्टँडपाशी नेपाळी बसते, त्याच्याकडून आनला."

मायनं तो लगेच घातला नाही. आमच्या घरी नवी वस्तू आधी बुद्धमूर्तीपुढं ठेवतात. तिनं मेणबत्ती लावली, स्वेटर पुढं ठेवला, मला शेजारी उभं केलं आणि पंचशील म्हणायला लावलं. दुसरं शील, न दिलेलं घेणार नाही, हे मी खणखणीत म्हटलं. स्वेटर दिलेलाच होता, तिथं मला कोणी धरू शकत नव्हतं. चौथं आलं, खोटं बोलणार नाही, तेव्हा मला नेमका खोकला आला. मायनं मागं वळून पाहिलं. "पाय, पोराले थंडी बाधली. मले घेतला, सोताले नाई घेतला."

असं ती सगळ्यांना सांगायला लागली. विहारात सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. ज्यांना मराठी येत नव्हतं त्यांना बाही ओढून दाखवली. "नवा हाय. पोरानं घेतला." जन्मभर तिच्या अंगावर लोकरीचं काही आलं नव्हतं. तिचा चेहरा पाहून मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला जेवण जाईना. टीचरम्मा त्याच टाकीवरून शाळेत जातात हे मला माहीत होतं. म्हणून त्यांच्या जायच्या-यायच्या वेळी मी मायला घरात डांबायला लागलो. सकाळी दात वाजत असताना मी म्हणायचो, "आज काई थंडी नाई, माय. काढून ठेव."

"तुले ताप हाय का रे?" ती माझ्या कपाळाला हात लावायची.

बायको हे सगळं पाहत होती. एकदा ती भाजी चिरता चिरता शांतपणे म्हणाली, "आज ना उद्या सांगा लागनच. जितका उशीर कराल तितकं फुगन ते."

मी म्हटलं, "थंडी जाऊ दे. थंडी गेली की स्वेटर पेटीत जाईल, मामला खारीज."

मामला खारीज झाला नाही. माय एका सकाळी माझ्यापुढं येऊन बसली.

"बाबू, तुह्या काकीले असाच एक पाहिजे. तिचं घर लय उघडं हाय, वारा आरपार जाते."

"पाठवू की. तुझाच पाठव. तुले दुसरा घेतो." या वाक्यावर मी इतका खूश झालो की उठून उभाच राहिलो. स्वेटर गावाला जाईल, टीचरम्मांच्या नजरेस कधी पडणार नाही. सगळं आपोआप मिटतं.

मायनं माझ्याकडे असं पाहिलं की मी परत बसलो.

"माह्या अंगचा उतरलेला तिले देऊ? तिले? पायरीवर माह्या संगं लुगडं ठेवलं तिनं, अन् मी तिले उतरलेलं पाठवू? डोकं ठिकानावर हाय का? कोरा पाहिजे. असाच. असाच गरम. चाल, कोन तो मानूस हाय, त्याच्याकडं चाल."

कचेरीचं कारण सांगून पाहिलं. रविवार होता. गुडघ्यांचं कारण सांगून पाहिलं. "रिक्षा सांग." रिक्षा सांगितली.

मैदानात स्टॉलांची रांग होती. "कोनता?" तिनं विचारलं. मी बोट केलं. कोणत्या तरी एका स्टॉलकडे केलं, मध्ये होता म्हणून. तिथं एक माझ्याच वयाचा माणूस टोपी घालून बसला होता, गिऱ्हाईकं बरीच होती. मायनं आपल्या अंगावरचा स्वेटर चिमटीत धरून पुढं केला.

"असा अजून एक दे."

त्यानं वीण पाहिली, गुंड्या पाहिल्या. अदबीनं म्हणाला, "अम्मा, ये हमारा माल नहीं है. ये तो हाथ का बुना हुआ है. हमारा सब मशीन का."

मायला हिंदी बोलता येत नाही, पण समजतं. "तुह्यापासूनच नेला," ती म्हणाली. "माह्या पोरानं नेला."

"नहीं अम्मा, गलती हो रही है. हमारे पास हाथ का आता ही नहीं."

"काऊन लपवून राह्यला? अजून भाव पाहिजे का?" मायचा आवाज चढला. शेतात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारायचा तो आवाज. भोवतालचे लोक थांबले. "लबाड बोलते हा मानूस! हा उभा हाय ना माहा पोरगा. सरकारी नोकर हाय, तो काय खोटं बोलन? सांग रे याले. इथूनच नेला ना?"

तो माणूस माझ्याकडे बघत होता. माय माझ्याकडे बघत होती. बाजूला एक बाई टोपडं हातात धरून माझ्याकडे बघत होती. माझी तीस-एक वर्षांची नोकरी जबाब नोंदवण्यात गेली आहे. साक्षीदार खोटं बोलायच्या आधी काय करतो हे मला पाठ आहे. तो आधी घसा साफ करतो.

मी घसा साफ केला. "हो," मी म्हटलं. "इथूनच नेला."

त्या माणसाच्या चेहऱ्यावरचं काहीतरी बंद झालं. भांडण नाही, राग नाही. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढावं तसं. "होगा, अम्मा," तो म्हणाला. "होगा. अब खतम हो गया." आणि दुसरे स्वेटर काढून तिच्यापुढं टाकत राहिला. तिनं एकेकाला हात लावला आणि मागं सारला. एकही तेवढा गरम नव्हता. जाताना लोकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खरं बोलाले काय जाते मानसाचं?"

परतीच्या रिक्षात मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

आता एकच मार्ग उरला होता. टीचरम्मांनी असाच दुसरा विणून द्यावा, लोकरीचा आणि कष्टाचा जो होईल तो दाम मी द्यावा, आणि मायच्या कानावर काही जाऊ नये. मी त्यांच्या घरी गेलो. टीचरम्मा खूश झाल्या. स्वेटर त्यांनी सासूसाठी विणला होता, ती आता हैदराबादेत मोठ्या मुलाकडे असते, असं म्हणाल्या. अम्माला आवडला, अजून एक पाहिजे म्हणते, हे ऐकून त्यांनी मला बसवून गरम वडे खाऊ घातले. मी खाल्ले. माझी हीच तऱ्हा आहे, शरम वाटत असतानासुद्धा मला दुसरा वडा नको म्हणता येत नाही.

"मैं खुद अम्मा को देखने आती, सार. नाप भी लेना है ना."

मी तोंडातला वडा तसाच गिळला. "नहीं मॅडम. आप मत आइए. वो ऐसा है, अम्मा को मालूम नहीं कि आपने दिया. मालूम हुआ तो पहनेगी नहीं."

टीचरम्मांचा हात ताटलीवर थांबला. मग हळू आवाजात विचारलं, "क्या सार, आपकी अम्मा हमारे हाथ का नहीं पहनती?"

हा प्रश्न आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या भोगला होता, पण पलीकडच्या बाजूनं. आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं, आमची सावली चालत नव्हती, म्हणून तर लुगडी ओट्यावरून खाली पडायची. आणि आज माझ्या आईच्या नावानं मी एका भल्या बाईच्या मनात तोच काटा रुतवून तिच्याच घरचे वडे खात होतो.

"नहीं मॅडम, वैसा नहीं. उलटा है," मी म्हटलं. पुढं हिंदीत मला काही सांगता येईना. मग मी मराठीतच सांगायला लागलो, लुगड्याचं, पायरीचं, चड्डीचं, स्टॉलवाल्याचं. कितपत कळलं कोण जाणे. पण शेवटी त्या म्हणाल्या, "बुनूंगी सार. लेकिन अम्मा के सामने बैठ के नाप लूंगी. इतवार को आती. उससे पहले आप बोल दो."

तोवर आठवडा होता. आठवडाभर मी बोललो नाही. शनिवारी बायकोनं तुरीच्या शेंगांची टोपली मायपुढं ठेवली, दुसरी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "सोला. अन् बोला."

ओट्यावर ऊन होतं. मी शेंगा सोलत सगळं सांगितलं. ग्रुपपासून. मशीन, काचपेटी, पांगुळगाडा, सगळं फुकटचं. स्वेटर टीचरम्मांच्या घरचा, त्यांच्या सासूसाठी होता तो. माय ऐकत होती आणि तिची बोटं दाणे काढत होती. मग तिनं टोपली बाजूला सारली, एकेक लाकडी गुंडी काढली, स्वेटर उतरवला, घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवला. बाहेर वारा होता. तिच्या हातावर काटा आलेला मला दिसत होता.

"सासू मेली का तिची?"

"नाई. मोठ्या पोराकडं हैदराबादले हाय."

मला वाटलं आता ती चड्डीची गोष्ट काढेल, लुगड्याची काढेल, वस्तीच्या बैठकीची काढेल. मी तयार होतो. सगळी बोलणी खायला मी पाठ वाकवून बसलो होतो.

"तो मानूस खरं बोलून राह्यला होता," ती म्हणाली.

"कोन?"

"स्वेटरवाला. मी त्याले चार लोकांत लबाड म्हनलं." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "अन् तू हो म्हनला."

मग पदर दुहेरी गुंडाळून बसली. मी माझी शाल दिली, ती बाजूला ठेवली. माझी शाल म्हणजेही उतरलेलीच, नाही का.

रविवारी टीचरम्मा आल्या, हातात टेप आणि लोकरीचे गुंडे. बायकोनं चहा केला. माय ताठ बसली होती. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, आणि मध्ये माझी बायको, दोघींची बोली इकडची तिकडं करत. मायनं पहिलाच प्रश्न टाकला.

"तुमच्या सासूनं काऊन नाई घातला?"

टीचरम्मा कसनुशा हसल्या. "एक बार भी नहीं पहना, अम्मा. बोली, चुभता है. मैंने बुना ना, इसलिए चुभा. पेटी में ही पड़ा रहा."

मी उडालोच. "म्हणजे कोरा! माय, ऐकलं का? कोणाच्या अंगाला लागलेलाच नाई! उतरलेला नाईच तो, मी खोटं बोललोच नाई, नवाच—"

"तू खाली बस," माय म्हणाली.

मी बसलो.

"स्वेटर कोरा निंगाला. तुह्यं काय?"

बायकोनं हे टीचरम्मांना हिंदीत सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही.

मग मायनं ठरवून टाकलं. काकीच्या स्वेटरची लोकर आमची, हात टीचरम्मांचा, आणि काकीला तसंच सांगायचं, कोणी विणला ते. टीचरम्मा म्हणाल्या, "और ये वाला? एक बार पहन के दिखाओ ना, अम्मा. मैंने तो किसी को पहने देखा ही नहीं." मायनं उठून स्वेटर घेतला आणि घातला. टीचरम्मांनी पुढं होऊन तिची कॉलर सारखी केली, बाही मनगटापर्यंत ओढली, आणि खांद्यापासून खाली अशा बघत राहिल्या, जशी बाई आपल्या हातचं कोणी चवीनं खाताना बघते. माय म्हणाली, "नाई टोचत." हे मात्र बायकोनं लगेच सांगितलं.

टीचरम्मा गेल्यावर मला वाटलं, सुटलो. मी मोबाईल काढला. माय दारात उभी होती, पायात चपला घालून.

"चाल. त्या मानसाकडं."

मैदानात गेलो तर स्टॉल उठलेले. बांबूंचे खड्डे आणि सुतळीचे तुकडे. बाजूचा चहावाला म्हणाला, इथला धंदा आटोपला, आता ते घाटाखाली निर्मलला बसतात. मी मनातल्या मनात हुश्श केलं. मायनं बस स्टँडकडे बोट केलं. "निर्मलची गाडी इथूनच लागते ना?"

"माय, तुझे गुडघे..."

"गाडीत बसून जाचं हाय. गुडघ्यानं नाई."

घाट उतरेपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. जांभळ्या स्वेटरमध्ये. मी काय बोलायचं याची हिंदी जुळवत होतो. कचेरीत कलेक्टरसमोर उभं राहायच्या आधीही मी इतकी तयारी करत नाही.

निर्मलच्या बाजारात तो सापडला. तीच टोपी. रविवारचा बाजार, स्टॉलभोवती गर्दी. माय पुढं झाली आणि मला कोपरानं ढोसलं. मी घसा साफ केला, नको असताना. म्हटलं, "भाईसाब, वो आदिलाबाद में, ये स्वेटर को लेके, हमारी अम्मा ने आपको झूठा बोला था. आप सच बोल रहे थे. झूठ मैं बोला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, स्वेटरकडे पाहिलं. एका गिऱ्हाइकाला मोठ्या मापाचा काढून दिला. मग म्हणाला, "कौन सा स्वेटर, साब?"

"ये. ये वाला. आपने बोला था आपका नहीं है, और मैंने..."

"याद नहीं," तो म्हणाला. चिडून नाही. "रोज कोई ना कोई झूठा बोलता है, साब. परदेसी आदमी हैं हम. कितना याद रखेंगे. कुछ लेना है?"

मी मायकडे वळून म्हटलं, "त्याले आठवतच नाई, माय. चाल."

माय हलली नाही. त्यानं पुढं केलेल्या स्टुलावर ती बसली, गुडघे चोळले, आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहिली. गर्दीतल्या कोणीतरी तिला ओलांडून टोपी मागितली.

"परत सांग त्याले," ती म्हणाली. "नीट सांग. मोठ्यानं. त्या दिवशी लोक होते, आज बी हायत."

मी परत पहिल्यापासून सुरुवात केली.